स्क्रीनवर सरळ, कागदावर वाकडं

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी मजकुराच्या मांडणीबद्दल इतके प्रश्न आले, की सगळं पान त्यांनाच देऊन टाकलं. उत्तरं मायक्रोसॉफ्ट वर्ड समोर ठेवून लिहिली आहेत; लिबर ऑफिस रायटरमध्ये काही गोष्टी निराळ्या असू शकतात. मापं सेंटिमीटरमध्ये आहेत. कागद ए-फोर आणि समास चारही बाजूंनी २.५४ धरला आहे. म्हणजे २१ रुंदीच्या कागदावर मजकुराला १५.९२ उरतात. हा आकडा पुढे वरचेवर लागेल.

कोणताही उपाय करण्याआधी ‘होम’वरचं उलट्या ‘पी’सारखं दिसणारं बटण दाबा, किंवा कंट्रोल-शिफ्ट-८. रायटरमध्ये कंट्रोल-एफ-१०. आता स्पेस ठिपक्यासारखी दिसेल, टॅब बाणासारखा, शिफ्ट-एंटर वळलेल्या बाणासारखा आणि एंटर त्या उलट्या ‘पी’सारखा. ही चिन्हं छापली जात नाहीत, त्यामुळे बिनधास्त चालू ठेवा. एका ओळीत सलग आठ-दहा ठिपके दिसले, की दुखणं तिथेच आहे.

प्रश्न: पत्राच्या शेवटी एकाच ओळीत डावीकडे ‘दिनांक’ आणि उजवीकडे ‘सही’ लिहायचं असतं. स्पेस देत देत जुळवते. स्क्रीनवर बरोबर दिसतं, पण छापल्यावर खालच्या ओळीतलं नाव ‘सही’च्या खाली येतच नाही. असं का?

टंकलेखन यंत्रावर प्रत्येक अक्षराला आणि मोकळ्या जागेला सारखीच रुंदी मिळायची, तिथे जागा मोजून ओळी जुळत. संगणकावरच्या बहुतेक फॉन्टमध्ये ‘र’ अरुंद, ‘क्ष’ रुंद आणि स्पेस तर दोघांपेक्षाही बारीक. त्यामुळे वरच्या ओळीत वीस स्पेस आणि खालच्या ओळीत बावीस दिल्या, तरी दोन्ही एकाच जागी येतील याची खात्री नाही. स्क्रीनवर जुळलं तरी ते अंदाजानेच. फॉन्ट किंवा त्याचा आकार बदलला, की जुळलेलं पुन्हा सुटतं. स्पेसबार दोन शब्द वेगळे करायला आहे, अंतर मोजायला नाही.

अंतरासाठी टॅब वापरायचा, आणि तो कुठे थांबेल हे आपण ठरवायचं. ओळीवर कर्सर ठेवून ‘पॅराग्राफ’ची खिडकी उघडा. तिच्या तळाशी डावीकडे ‘टॅब्ज’ हे बटण आहे. जागा १५.९२ लिहा, ‘राइट’ निवडा, ‘सेट’ आणि मग ‘ओके’ करा. आता ‘दिनांक’ टाइप करून टॅब एकदाच दाबा आणि ‘सही’ लिहा. शब्द उजव्या समासाला टेकेल आणि लिहाल तसा डावीकडे सरकत जाईल.

हेच रूलरवर, म्हणजे पानाच्या वरच्या मोजपट्टीवर, क्लिक करूनही होतं, पण नेमकं उजव्या समासावर क्लिक करायला गेलं की तिथला समासाचा त्रिकोण आडवा येतो. म्हणून आकडा लिहिणंच सोपं.

‘सही’ आणि तिच्याखालचं नाव एकमेकांच्या बरोबर मध्यावर यायला हवं असेल, तर उजवा टॅब उपयोगाचा नाही. १२.५ वर ‘सेंटर’ टॅब ठेवा आणि दोन्ही ओळींत एकेकदा टॅब दाबा. दोन्ही शब्द त्याच उभ्या रेषेभोवती बसतील.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे टॅब फक्त एकाच परिच्छेदाला लावणं. ज्या परिच्छेदात कर्सर असतो त्यालाच तो लागतो. दोन्ही ओळी आधीच लिहिलेल्या असतील तर दोन्ही एकदम निवडून मग लावा. निवडलेल्यांपैकी काहींनाच टॅब असेल, तर रूलरवरची खूण फिकट दिसते. नको असलेला टॅब रूलरवरून खाली ओढला की जातो. स्वतः एकही टॅब ठरवला नाही, तर वर्ड दर १.२७ सेंमी वर आपला टॅब धरतो. लोक चार-पाच वेळा टॅब दाबत बसतात ते यामुळेच. तुम्ही एक टॅब ठरवला, की त्याच्या डावीकडचे हे आपोआप आलेले टॅब नाहीसे होतात.

प्रश्न: दोन्ही बाजू सरळ करायला कंट्रोल-जे दाबतो. काही ओळींत शब्दांमध्ये एवढ्या मोठ्या फटी पडतात की तीन शब्दांतच ओळ भरते. माझ्या वर्डमध्येच बिघाड आहे का?

नाही. बहुधा त्या ओळींच्या शेवटी शिफ्ट-एंटर आहे. वळलेला बाण दिसतो का ते बघा. एंटरने परिच्छेद संपतो आणि परिच्छेदाची शेवटची ओळ ताणली जात नाही. शिफ्ट-एंटरने ओळ तुटते, पण परिच्छेद चालूच राहतो. म्हणून वर्ड ती मधली ओळ समजतं आणि समासापर्यंत ओढतं. तिथे एंटर द्या, किंवा शिफ्ट-एंटरच्या आधी एक टॅब टाका. शिफ्ट-एंटर ठेवणंच भाग असेल, तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’ असं जाऊन अगदी तळाच्या ‘लेआउट ऑप्शन्स’मध्ये शिफ्ट-रिटर्नने संपणारी ओळ न ताणण्याची सोय आहे. ती त्या फाइलपुरतीच लागू होते.

शिफ्ट-एंटर नसेल आणि तरीही फटी असतील, तर कारण आपल्या भाषेतच आहे. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘विद्यार्थ्यांसाठी’, ‘व्यवस्थापनासंबंधी’ असा लांब शब्द ओळीत मावला नाही की अख्खा खाली जातो आणि वर उरलेली जागा चार-पाच फटींत वाटली जाते. रकाना जितका अरुंद, तितक्या फटी जास्त. सात-आठ सेंटिमीटरच्या रकान्यात १४ पॉइंटचा मराठी मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ करूच नये. डावी बाजू सरळ आणि उजवी मोकळी ठेवली, तर वाचायला कितीतरी बरं पडतं. पूर्ण रुंदीच्या पानावर मात्र कंट्रोल-जे शोभतं.

एखाद-दुसरी ओळच खुपत असेल, तर खालच्या ओळीतल्या लांब शब्दात जोडावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि वजाचं चिन्ह दाबा. गरज असेल तेव्हाच दिसणारी तोडरेघ तिथे बसते. पुढे मजकूर सरकून तो शब्द ओळीच्या मध्यावर आला, तर ती छापली जात नाही. साधी रेघ टाइप केलीत, तर मात्र ती तिथे कायमची राहील. शब्द प्रत्ययापाशी तोडा: ‘विद्यार्थ्यां’ वर, ‘साठी’ खाली. जोडाक्षराच्या मध्ये किंवा अक्षर आणि त्याची मात्रा यांच्यात कधीही तोडू नका.

एक इशारा. कंट्रोल-जे सोबत शिफ्टही दाबलं गेलं, तर ‘डिस्ट्रिब्यूटेड’ नावाची जोडणी, म्हणजे ओळी सरळ करण्याची पद्धत, लागते. ती शब्दांमधल्या जागांबरोबर अक्षरांमधली जागाही वाढवते. रोमन लिपीत ते खपून जातं, पण आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मथळा रुंद दिसावा म्हणून ‘कॅरेक्टर स्पेसिंग’ वाढवणाऱ्यांचंही हेच होतं. मराठी मथळा मोठा करायचा तर आकार वाढवावा, अक्षरं फाकवू नयेत.

प्रश्न: अर्जाच्या नमुन्यात नाव, पत्ता, जन्मतारीख यांच्यापुढची विसर्गचिन्हं (:) एकाखाली एक हवी आहेत. पत्ता लांबला की दुसरी ओळ थेट ‘पत्ता’ या शब्दाखाली येते.

हे दोन प्रकारे जमतं. ओळी थोड्या असतील तर टॅब. सगळ्या ओळी निवडा. ‘पॅराग्राफ’मध्ये ‘स्पेशल’च्या यादीतून ‘हँगिंग’ (पहिली सोडून बाकीच्या ओळी आत घेणारा प्रकार) घ्या, माप ४.५ द्या. मग ‘टॅब्ज’मध्ये ४ वर एक डावा टॅब ठेवा. आता लिहिताना: नाव, टॅब, विसर्गचिन्ह, टॅब, मजकूर. पहिला टॅब ४ वर थांबतो. दुसऱ्यासाठी वेगळा टॅब ठरवावा लागत नाही, कारण हँगिंगची जागाच टॅबचं काम करते. पत्त्याच्या पुढच्या सगळ्या ओळी आपोआप ४.५ पासून सुरू होतील. पत्ता मध्येच तोडायचा असेल तर इथे शिफ्ट-एंटर द्या, म्हणजे टॅब पुन्हा दाबावे लागणार नाहीत. ओळी फक्त डावीकडून सरळ ठेवा. कंट्रोल-जे लावलंत तर वरच्या उत्तरातला ताण इथेही येईल.

नमुना मोठा असेल, किंवा तो दुसरं कोणी भरणार असेल, तर तीन स्तंभांचं बिनरेघी कोष्टक जास्त टिकतं. रुंदी ४, ०.७ आणि ११.२२ ठेवा. मधला स्तंभ ०.५ चा करायचा मोह होतो, पण प्रत्येक घराच्या आत डावी-उजवीकडे ०.१९ समास आधीच असतो. म्हणजे विसर्गचिन्हाला जेमतेम ०.१२ उरतात आणि ते खालच्या ओळीत ढकललं जाऊ शकतं. ‘ऑटोफिट’मध्ये ‘फिक्स्ड कॉलम विड्थ’ निवडा, नाहीतर कोणी लांब नाव लिहिलं की स्तंभ स्वतःहून पसरतील. मग ‘नो बॉर्डर’. रेघा काढल्यावर घरं कुठे आहेत ते कळत नसेल, तर कोष्टकाच्या ‘लेआउट’मध्ये ‘व्ह्यू ग्रिडलाइन्स’ चालू करा. त्या रेघा फक्त स्क्रीनवर दिसतात.

भरायच्या जागेसाठी अधोरेघ दाबत बसू नका, प्रत्येक ओळीची टोकं वेगळीच येतात. १५.९२ वर उजवा टॅब ठेवून ‘लीडर’मध्ये, म्हणजे टॅबने सोडलेली जागा कशाने भरायची त्या यादीत, चौथा प्रकार निवडा. एकदा टॅब दाबलं की समासापर्यंत सरळ रेघ. आणि ओळीच्या सुरुवातीला तीन अधोरेघा देऊन एंटर दाबला आणि पानभर एक न पुसता येणारी रेघ आली, तर ती रेघ नसून परिच्छेदाची बॉर्डर आहे. लगेच कंट्रोल-झेड करा. उशीर झाला असेल तर तिच्या वरच्या ओळीत कर्सर ठेवून ‘नो बॉर्डर’.

प्रश्न: मथळा कंट्रोल-ई ने मध्यावर घेतला, तरी किंचित उजवीकडे दिसतो.

त्या परिच्छेदाला पहिल्या ओळीचा इंडेंट, म्हणजे समासापासून आत सोडलेली जागा, असणार. वर्ड तो वजा करून उरलेल्या जागेचा मध्य काढतं. १.२७ चा इंडेंट असेल तर मथळा ०.६३ सरकतो. रूलरवरचा वरचा त्रिकोण शून्यावर आणा. ते नसेल तर ओळीच्या पुढे-मागे ठिपके, म्हणजे चुकून पडलेल्या स्पेस किंवा टॅब, आहेत का ते बघा.

प्रश्न: पुस्तिकेच्या अनुक्रमणिकेत प्रकरणाचं नाव, मग ठिपके, मग पान क्रमांक. टिंबं देऊन थकलो, क्रमांक एका रेषेत येत नाहीत.

टिंबं द्यायचीच नाहीत. १५.९२ वर उजवा टॅब, ‘लीडर’ दुसरा. नाव, एक टॅब, क्रमांक. ठिपके वर्ड भरतं.

लांब नावांचं काय, हे विचारलं नाहीत, पण अडचण तिथेच येते. दोन ओळींचं नाव असलं की त्याची पहिली ओळ थेट क्रमांकांच्या रांगेत घुसते. त्यासाठी परिच्छेदाचा उजवा इंडेंट १.५ करा आणि टॅब आहे तिथेच, १५.९२ वर राहू द्या. नाव १.५ अलीकडेच वळेल आणि क्रमांक मात्र समासाला टेकेल. सोबत १ चा हँगिंग दिला, तर दुसरी ओळ थोडी आत येते आणि नवं प्रकरण कुठे सुरू झालं ते पटकन कळतं.

प्रश्न: यादीत १ ते ९ पर्यंत ठीक, १० पासून मजकूर पुढे सरकतो.

क्रमांकावर उजवं क्लिक करून ‘ॲडजस्ट लिस्ट इंडेंट्स’ उघडा. क्रमांकानंतर ‘टॅब’ निवडलेला आहे ना ते पाहा आणि ‘टेक्स्ट इंडेंट’ वाढवा. ‘नंबर पोझिशन’ शून्य असेल तर दोन अंकांना १.१ पुरतो, तीन अंकांना १.४ लागतो. एकक एककाखाली हवा असेल तर ‘डिफाइन न्यू नंबर फॉरमॅट’मध्ये ‘राइट’ निवडा. मात्र आता ‘नंबर पोझिशन’ ही क्रमांकाच्या उजव्या टोकाची जागा होते. ती शून्यच ठेवलीत तर क्रमांक समासाबाहेर जातील. ०.८ करा.

प्रश्न: कोष्टकातल्या रकमा दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह अशा कशा आणायच्या?

सगळ्या रकमांना दोनच दशांश स्थळं ठेवा आणि स्तंभ उजवीकडून सरळ करा. अंकांची रुंदी सारखी असलेल्या फॉन्टमध्ये एवढ्याने काम होतं. दशांश स्थळं कमीजास्त असतील तर स्तंभ निवडून ‘डेसिमल’ टॅब ठेवा. कोष्टकाच्या घरात त्यासाठी टॅब दाबावा लागत नाही, आकडा स्वतःहून त्या जागी जातो. इतर टॅबसाठी घरात कंट्रोल-टॅब दाबायचं, कारण नुसत्या टॅबने कर्सर पुढच्या घरात उडी मारतो. रुपया-पैशाचं चिन्ह किंवा ‘/-’ काही ओळींत आणि काहींत नाही असं करू नका. उजवी कड त्यानेच दातेरी होते. चिन्ह स्तंभाच्या मथळ्यात एकदाच द्या.

प्रश्न: अभंगाच्या ओळी मध्यावर घेतल्या, पण पान विस्कटलेलं दिसतं.

कविता ओळीगणिक मध्यावर घेतली की प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते आणि डोळ्याला धरायला कड राहत नाही. ओळी डावीकडूनच सरळ ठेवाव्यात आणि सगळा ठोकळा पानाच्या मध्यावर न्यावा. सर्वांत लांब ओळ रूलरवर मोजा. ती ९ सेंमी भरली तर १५.९२ मधून ९ वजा करून निम्मे करा. सगळ्या ओळींना ३.४६ चा डावा इंडेंट द्या. एका कडव्यातल्या ओळी शिफ्ट-एंटरने तोडा, कडवं संपलं की एंटर, आणि परिच्छेदानंतर ८ ते १० पॉइंट जागा. मग रिकाम्या ओळी टाकाव्या लागत नाहीत.

॥१॥ ही खूण आधीच्या शब्दापासून तुटून एकटीच खालच्या ओळीत जाऊ नये, म्हणून मधली स्पेस कंट्रोल-शिफ्ट धरून द्या. ही न तुटणारी स्पेस ‘कलम १२’, ‘५ किलो’ अशा जोड्यांनाही लावायची सवय ठेवावी.

प्रश्न: मजकुरात मध्ये इंग्रजी शब्द आला की त्या ओळीच्या वरचं अंतर बदलतं. ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ केलं तर रफार कापले जातात.

प्रत्येक फॉन्ट ओळीला आपापली उंची मागतो आणि ‘सिंगल’ अंतरात ज्याची मागणी जास्त त्याचं चालतं. म्हणून दोन फॉन्टची ओळ उंच होते. ‘एक्झॅक्टली’ हाच उपाय, पण आकडा पुरेसा मोठा हवा. १२ पॉइंटच्या मराठी मजकुराला १८ ते २० द्या. ‘मूर्तींचे’ आणि ‘राष्ट्रकूट’ हे शब्द एकाखाली एक लिहून छापून पाहा. वरचा रफार-अनुस्वार आणि खालचा उकार शाबूत असला की तो आकडा पक्का. या अंतरात ओळीत बसवलेल्या चित्राची मात्र फक्त एक पट्टी दिसते. चित्राच्या परिच्छेदाला ‘सिंगल’ ठेवा.

कंट्रोल-डी दाबून फॉन्टची खिडकीही बघा. मराठीचा फॉन्ट आणि आकार तिथे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या खणात रोमनपासून वेगळा असतो. मराठी १४ आणि इंग्रजी ११ असं नकळत झालेलं अनेकदा तिथे सापडतं.

प्रश्न: ईमेलमधून किंवा पीडीएफमधून उचललेला मजकूर अर्ध्या ओळीतच तुटतो. शंभर पानं हाताने जोडायची का?

मुळीच नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर आला आहे. आधी फाइलची प्रत काढून ठेवा. कंट्रोल-एच उघडून ‘मोअर’ आणि मग ‘स्पेशल’ दाबा. त्या यादीतून ‘पॅराग्राफ मार्क’ दोनदा निवडून शोधा आणि त्याजागी मजकुरात कुठेच नसलेली खूण, उदाहरणार्थ ##, टाका. दोन एंटर म्हणजे खऱ्या परिच्छेदाचा शेवट; ते असे सुरक्षित झाले. दुसऱ्या फेरीत एक ‘पॅराग्राफ मार्क’ शोधून त्याजागी एक स्पेस. तिसऱ्या फेरीत ## शोधून पुन्हा एक ‘पॅराग्राफ मार्क’. शेवटी दोन स्पेस शोधून एक करत राहा, बदल शून्य येईपर्यंत. क्रम चुकला, म्हणजे दुसरी फेरी आधी केली, तर अख्ख्या फाइलचा एकच परिच्छेद होतो. वळलेले बाण असतील तर ‘पॅराग्राफ मार्क’ऐवजी ‘मॅन्युअल लाइन ब्रेक’.

मजकूर युनिकोडपूर्वीच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या आधीच्या) जुन्या मराठी फॉन्टमधला असेल, तर आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या आणि विरामचिन्हांच्या जागी बसवलेली असतात. एखादं अक्षर संयोगचिन्हाच्या जागी असेल तर वर्ड शब्द तिथेच तोडतं, आणि वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करायला गेलं की ‘क’चं भलतंच काहीतरी होतं. अशा मजकुरावर जोडणीचा कोणताच उपाय पुरता लागू पडत नाही.

प्रश्न: दोन रकान्यांचं शेवटचं पान. डावा रकाना भरलेला, उजव्यात चार ओळी.

मजकुराच्या अगदी शेवटी ‘लेआउट’, ‘ब्रेक्स’, ‘कंटिन्युअस’. दोन्ही रकाने सारखे होतील.

प्रश्न: सगळं नीट जुळवलं, पण दुसऱ्याच्या संगणकावर ओळी पुन्हा हलल्या.

तुमचा फॉन्ट तिथे नसेल, तर वर्ड दुसरा घेतं. अक्षरांची रुंदी बदलली की ओळी वेगळ्या ठिकाणी वळतात. टॅब आणि कोष्टकं जागेवर राहतात, पण पानं मागेपुढे होतात. समोरच्याला फक्त वाचायचं किंवा छापायचं असेल तर पीडीएफ पाठवा. त्यात बदलही करायचे असतील तर ‘ऑप्शन्स’च्या ‘सेव्ह’मध्ये फॉन्ट फाइलमध्येच जोडण्याची सोय चालू करून फाइल पुन्हा जतन करा. फाइल जड होईल, आणि काही फॉन्टचा परवाना त्यांना असं जोडू देत नाही. म्हणून पाठवण्याआधी एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.